गुरुवारचा खोका

काय विकत घेतलं मी नेमकं?
रस्ता काउंटीचा. घरं ज्यांची त्यांची.
खोके ज्यांनी मागवले त्यांचे.
गाडीवरचं नावसुद्धा कंपनीचं,
करारात लिहिलंय, केव्हाही खरवडून काढता येईल.
मला मिळाल्या तीन गाड्या, त्यातली एक रडकी,
दोन ड्रायव्हर, त्यातला एक रडका,
आणि एकशे अठरा दारांपर्यंत जाऊन
परत यायचा हक्क.
एवढ्यासाठी घर गहाण टाकलं.

क्रेडिट युनियनच्या टेबलावर
वेनो केस्किटालोनं सही केली, पेनाला टोपण लावलं
आणि किल्ल्यांचा जुडगा सरकवला माझ्याकडे,
पत्त्यांत हरल्यावर पानं सरकवावीत तसा.
"बावीस वर्षं," म्हणाला. बस्स.
हिशेबाचे कागद त्यानं चोख दिले होते,
खोटा नव्हता माणूस.
फक्त डिसेंबर नव्हता त्यात.

डिसेंबर म्हणजे
पहाटेचे चार, उणे सव्वीस,
टाकीतलं डिझेल दह्यासारखं लागलेलं,
डेल फोन उचलत नाही
आणि पट्ट्यावरून येतंच राहतं:
ट्रेडमिल, टायर, मांजराची वाळू चाळीस पौंड,
कुणाच्या तरी नातवाची दुर्बीण.
सुपीरियरवरून बर्फ येतो तो आडवा येतो.
एक्कावन्नाव्या वर्षी हॉस्पिटलच्या लाँड्रीतून उठून
मी मालकीण झाले.
मालकीण म्हणजे,
ड्रायव्हर आला नाही की जी गाडी काढते ती.

स्कॅनरला पत्ता माहीत असतो.
हेल्मी सारीचं पुढचं दार
नवरा गेल्यापासून उघडलेलं नाही,
मागून, सौनाच्या कडेनं जायचं,
हे स्कॅनरला माहीत नसतं.
ट्राउट क्रीकच्या वळणावरचा करडा कुत्रा
भुंकतोय तोवर ठीक.
गप्प झाला की गाडीत बसायचं.
हे मला माझ्या पोटरीनं शिकवलं.

आणि गुरुवारी, अगदी शेवटी,
अकरा मैल कच्च्या रस्त्यानं, वेनोचं घर.
दर गुरुवारी एक खोका, हलका.
एकदा वॉशर. एकदा एकच बल्ब.
एकदा, डब्यावर चित्र होतं म्हणून कळलं,
शिवणाच्या सुया. वेनो आणि सुया!
या थांब्याचे मला मिळतात दीड डॉलर,
डिझेल जातं चारचं.
हे गणित त्याच्याइतकं कुणाला पाठ असणार?

मी एकदा म्हटलंच,
"बर्गलंडच्या दुकानात मिळतं की हे, निम्म्या भावात."
तो बराच वेळ बर्फाकडे बघत राहिला.
"दुकानात गेलं की बोलावं लागतं."

हॉर्न द्यायच्या आधीच त्याचं गॅरेज उघडतं.
खोक्याकडे तो बघतही नाही.
गाडीभोवती एक चक्कर मारतो,
हातमोजा काढून बॉनेटवर तळवा ठेवतो,
तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसा.

मार्चमध्ये त्याची कंबर धरली होती,
म्हणून मीच खोका आत नेऊन ठेवला.
गॅरेजच्या मागच्या भिंतीला फळ्या.
फळ्यांवर खोके.
ओळीनं, जड खाली, हलके वर,
लेबलं सगळी बाहेरच्या बाजूला,
आम्ही गाडीत लावतो अगदी तसे.
एकही फोडलेला नाही.

मी आजचा खोका ओळीच्या शेवटी लावला.
थोडा तिरका झाला होता, तो सरळ केला.
स्कॅनर पुढे धरला, त्यानं बोटानं सही केली,
नेहमीसारखी, वाचता न येणारी.
"पुढचं डावं ब्रेक पॅड," तो म्हणाला,
"वळणावरच ऐकू आलं."

मला काहीच ऐकू येत नव्हतं.
शनिवारी चाक काढलं.
पत्र्याएवढं उरलं होतं.